भार कशावर आहे

दाराला कुलूप होतं आणि कुलपाखाली छापील कागद चिकटवलेला: छत धोकादायक, आत येऊ नये. 2019 चा फेब्रुवारी, बाहेर उणे तीन. किल्ली घेऊन आलेल्या आजी माझ्याआधीच पायरीवर उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढे-मागे वय, हातात लोकरी मोजे. त्यांनी विचारलं, "तुम्ही पाडायला सांगायला आला आहात का?" मी म्हटलं, "नाही, बघायला आले आहे." त्यांनी कुलूप काढलं, पण आत माझ्या मागोमाग आल्याच.

माझं काम लाकडाचं. जुन्या इमारतींच्या छपरातलं लाकूड तपासायचं आणि काय ठेवता येईल, काय बदलावं लागेल ते लिहून द्यायचं. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या एका शहरातलं हे छोटं चर्च. आधीच्या तपासणीत दोन गोष्टी नोंदल्या होत्या: उत्तरेच्या भिंतीत तिरप्या भेगा आणि छपरातून कुबट वास. निष्कर्ष असा, की भिंत खचते आहे, म्हणजे छप्पर बसणार. मंडळीत माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा. पुढच्या बैठकीत पाडण्याचा विषय होता.

आत गेले आणि आधी वर बघितलं. सात कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत. चर्च जर्मन वास्तुरचनाकार ओटो बार्टनिंग यांचं आहे हे मला कागदांवरून माहीत होतं, पण कागदावर वाचणं वेगळं आणि त्या सात कैच्यांच्या मधोमध उभं राहणं वेगळं.

बार्टनिंग यांचा जन्म कार्ल्सरूहचा, 1883 चा. पहिलं चर्च त्यांनी ऑस्ट्रियातल्या पेगाऊ गावात बांधलं तेव्हा ते तेविशीत होते. 1922 मध्ये ताऱ्याच्या आकाराच्या चर्चचा आराखडा केला, तो कधी उभा राहिला नाही. 1928 मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात लोखंडी सांगाडा आणि काचांचं चर्च उभं केलं. ते सुटं करून एसेनला नेलं, पुन्हा उभारलं आणि 1943 च्या बॉम्बहल्ल्यात ते गेलं. या शेवटच्या गोष्टीशी मी नेहमी अडखळते. चर्च सुटं करून दुसऱ्या गावात उभं करता येतं, हे या माणसाने युद्धाच्या कितीतरी आधी करून पाहिलं होतं.

युद्ध संपलं तेव्हा ते साठीच्या पुढे होते. शहरं ढिगाऱ्यात, चर्चं जळलेली, लोक तळघरांत राहणारे. सिमेंट नाही, लोखंड नाही, मोठं लाकूड नाही. त्यांनी काम दोन भागांत वाटलं. कैच्या, छप्पर, दारं, खिडक्या कारखान्यात तयार करून पाठवायच्या. त्याचा पैसा स्वित्झर्लंड, अमेरिका अशा देशांतल्या चर्चांकडून आला. पाया आणि भिंती मात्र गावाने करायच्या, स्वतःच्या ढिगाऱ्यातल्या विटा-दगडांनी, स्वतःच्या हातांनी. अशी अठ्ठेचाळीस चर्चं ठरली होती, त्रेचाळीस उभी राहिली. पहिलं फोर्त्सहाइमला, 1948 मध्ये. 23 फेब्रुवारी 1945 च्या एका हल्ल्यात त्या शहरातली सतरा हजारांहून अधिक माणसं मेली होती. या चर्चांना जर्मनीत 'नोटकिर्शे' म्हणतात. 'नोट' म्हणजे निकड, अडचण. लोक त्याचा अर्थ तात्पुरतं असा घेतात, पण बार्टनिंग यांना तात्पुरतं काही बांधायचंच नव्हतं.

शिडी लावून मी पहिल्या कैचीजवळ गेले. जाड तुळई कुठेच नव्हती. पातळ फळ्या एकमेकींना लावून खिळ्यांनी जोडलेल्या. एका सांध्यावरचे खिळे मोजले: छत्तीस. रांगेत, सारख्या अंतरावर, एकही वाकडा नाही. मोठं लाकूड मिळत नव्हतं म्हणून फळ्यांमधून ताकद काढलेली. माझे आजोबा म्हणायचे, सुताराची पारख खिळ्याच्या डोक्यावरून होते. मी बराच वेळ त्या सांध्यावर हात ठेवून होते.

मग भिंतीकडे वळले. भेग जिथे सर्वांत रुंद होती तिथे टॉर्च तिरपा धरला. आत, भेगेच्या दोन्ही काठांवर, पांढरा रंग उतरलेला दिसला. म्हणजे भिंत शेवटची रंगवली त्याच्या आधीपासून ही भेग आहे. रंगाची नोंद 1983 ची होती. छत्तीस वर्षं ती भेग तिथेच आहे.

त्याहून मोठी गोष्ट वर होती. भिंत छपरापर्यंत पोचतच नव्हती. भिंत जिथे संपते तिथून छपरापर्यंत लहान लहान काचांच्या खिडक्यांची सलग पट्टी, तिथूनच सगळा उजेड आत येतो. छपराचा भार भिंतीवर असता तर तो या काचांमधून खाली आला असता! खाली उतरून कैचीचा पाय आणि भिंत यांच्यात पोलादी पट्टी सरकवली, ती वरपर्यंत मोकळी गेली. कैची स्वतःच्या पायावर, भिंत स्वतःच्या पायावर. भिंत फक्त वारा अडवते आणि स्वतःला पेलते. म्हणूनच तर ती कसल्याही विटांची चालते.

आजी मागे बाकावर बसून बघत होत्या. मी त्यांना हे सांगितलं, आणि मला आमचं घर आठवलं. मी लातूर जिल्ह्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमच्या माळवदाच्या घराच्या दोन दगडी भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या, पण माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होतं, ते तगलं. आम्ही त्याखालून बाहेर आलो. ज्या घरांत भार सरळ दगड-मातीच्या भिंतींवर होता, तिथली माणसं... ते मी त्यांना सांगितलं नाही. भार कशावर आहे, हा प्रश्न मी कुठल्याही इमारतीत शिरताना सर्वांत आधी विचारते, त्याचं कारण तिथलं आहे.

आजी उठल्या आणि मला उत्तरेच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. कमरेच्या उंचीवर एक वीट बोटाने दाखवली. एक बाजू काळी, भाजलेली. शेजारची पिवळट, तिच्या शेजारची गडद लाल. "आई हातोडीने चुना झाडायची, मी रचायचे. मी नऊ वर्षांची. दुपारी शाळा सुटली की इथेच. काळ्या विटा कुणाच्या तरी घरातल्या. कुणाच्या ते आम्ही विचारायचो नाही." मोजा काढून त्यांनी त्या विटेवर उलटा हात फिरवला, ताप बघतात तसा.

वासाचं काम राहिलं होतं. चौदा पाय, एकेक करून तपासले. हातोडीने टकटक, मग ओलावा मोजायचं यंत्र, मग बारीक सुईचं ड्रिल, जे लाकडात शिरताना किती विरोध होतो त्याचा आलेख काढतं. तेरा पायांत ओलावा बारा ते चौदा टक्के. वीसच्या खाली लाकडाला बुरशीचं भय नसतं. सुई शिरली की भुश्शाबरोबर राळेचा वास यायचा, सत्तर वर्षांनंतरही, कालच रंधा मारल्यासारखा. चौदावा पाय वायव्य कोपऱ्यातला. हातोडीचा आवाज बद्द आला. ओलावा एकतीस. आलेखाची रेघ जमिनीपासून चाळीस सेंटीमीटरपर्यंत जवळजवळ आडवी, म्हणजे सुईला विरोधच नाही, लाकूड कुजलेलं. बाहेर जाऊन बघितलं तर पन्हाळीचा नळ नेमका तिथे फुटलेला, आणि नंतरच्या एका दुरुस्तीत तो पाय आतून गिलाव्याने बंद केलेला. पाणी आत जायला वाट होती, वाऱ्याला नव्हती.

अहवालात लिहिलं: कैच्या सुस्थितीत. एका पायाचा खालचा साठ सेंटीमीटर भाग कापून नवं स्प्रूसचं लाकूड जोडावं, तोवर तिथे टेकू द्यावा. नळ बदलावा, गिलावा काढावा. भेगांवर खुणा लावून वर्षभर नजर ठेवावी. टेकू लागल्यावर चर्च वापरायला हरकत नाही.

संध्याकाळी सामान आवरताना आजी पहिल्या कैचीच्या पायाशी वाकून बसलेल्या दिसल्या. सुईने पडलेलं भोक त्यांना सापडलं होतं. तीन मिलिमीटरचं.

"हे बुजवणार ना?"

मी सांगितलं, एवढ्याने लाकडाला काही होत नाही.

"ते कळलं," त्या म्हणाल्या. "बुजवणार ना?"

टेकू लावायला आठवड्याने परत गेले तेव्हा स्प्रूसच्या बारीक खुंट्या तासून नेल्या होत्या. भोकं पुष्कळ होती. आजी डबी धरून शेजारी उभ्या राहिल्या आणि एकेक खुंटी हातात देत गेल्या.