पर्स तिचीच का ठेवायला लावली?

वाशीच्या एका मॉलमधलं कपड्यांचं दुकान. मी पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन आत शिरले तर कोणी काही बोललं नाही, आणि सोबतच्या माझ्या मणिपुरी मैत्रिणीची एवढीशी पर्स मात्र गार्डने काउंटरवर ठेवायला लावली, वर सेल्समन सतत तिच्या मागे मागे, तिने कुर्ता हातात घेतला की लगेच "मॅडम, महंगा है". अरे, किंमत वाचता येते तिला! माझं डोकंच सटकलं, ती नुसतं म्हणाली, "चलो ना यार, रोज का है." हे "रोज का" मला जास्त लागलं.

२०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यातून भांडण, मारहाण आणि पोराचा जीव गेला, मग ईशान्येकडच्या लोकांना इतर राज्यांत होणारा त्रास तपासायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. घटनेचं कलम १५(२) सांगतं की वंश, जात, धर्म, जन्मस्थान यावरून कोणाला दुकानात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही. पण मज्जाव न करताही माणसाचा अपमान करता येतोच की, आणि तो सिद्ध कसा करायचा?

मॅनेजरला विचारलं तर म्हणे पॉलिसी आहे. मग माझी सॅक का नाही ठेवून घेतली, यावर गप्प.