कळसूबाईवरून आईच्या मोबाईलवर

आज पहाटे बारी गावातून कळसूबाई चढलो. पाठीवर पाणी, भाकरी आणि एपीआरएस (आपलं ठिकाण रेडिओवरून पाठवायची पद्धत) चालणारा हातातला रेडिओ. खाली दरीत पाठवलेलं एकही पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा संदेश, कुणी ऐकलं नाही. इंटरनेटवरच्या नकाशावर मी दिसेना, त्यामुळे आई घरी काळजीत.

तिसऱ्या लोखंडी शिडीनंतर उघड्यावर आलो, अँटेना उभी धरली आणि बटण दाबलं. जेमतेम सेकंदभर ती चिरचिर. तेवढ्यात माझं कॉलसाइन (रेडिओवरची ओळख), अक्षांश-रेखांश आणि उंची हवेत गेली. मोबाईलला रेंज नव्हती. पण खाली मैदानात कुणा हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या, गच्चीवरच्या आयगेट नावाच्या यंत्रणेनं ते पॅकेट पकडलं आणि इंटरनेटवर टाकलं. त्या माणसाला मी ओळखतही नाही. स्वतःच्या खर्चानं रिसीव्हर, अँटेना, वीज, इंटरनेट, सगळं चोवीस तास चालू ठेवतो. खरंच हात जोडावेसे वाटतात.

एपीआरएसची ही पद्धत बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केली. अमेरिकेच्या नौदल अकादमीत होते, 2022 मध्ये गेले. आपल्या डोंगरांत असे आयगेट आणखी हवेत, गावागावांत हवेत. ट्रेकर हरवला की शोधणाऱ्यांना शेवटचा ठिपका मिळाला तर किती तास वाचतील!

1646 मीटरवर, देवीच्या मंदिरापाशी, शेवटचं पॅकेट पाठवलं. उतरताना रेंज आली तेव्हा आईचा मेसेज होता: "अरे, तू देवळापाशी पोचलास ना? मी इथूनच नमस्कार केला."