डब्लिन ते किल्डेअर, पायी

सॅलिन्स मागे पडलं आणि टाचेचा फोड फुटला. ग्रँड कालव्याकाठची चिखलवाट, जानेवारीची अखेर, वरून पाऊस. बरोबर सगळे डब्लिनचे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या देवदेवता मानणारे. कोणी बँकेतला, कोणी शाळेतला, एक माझ्याच ऑफिसातली मैत्रीण. शहरात यांना देऊळ नाही. पबच्या माडीवर जमतात, पहाटे तारा नावाच्या टेकडीवर जातात आणि घरी आईला सांगत नाहीत. पण इम्बोल्कला, म्हणजे १ फेब्रुवारीच्या वसंताच्या सणाला, ब्रिजिड देवीच्या दारी, किल्डेअरला चालत जायचंच. मला ती माउलीच वाटते, म्हणून मीही निघाले.

पुढचा एकजण सकाळपासून सांगत होता, चर्चने आमची देवी पळवली, तिची संत केली. पटत होतं. तरी पावलागणिक कळ जात असताना वाटलं, बाबा, आता पुरे!

एका घराच्या खिडकीतून आजींनी माझं लंगडणं पाहिलं. "आत ये पोरी, बूट काढ." स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीपुढे लाल दिवा, दारावर गेल्या वर्षीचा लव्हाळ्याचा क्रॉस. कोमट पाण्यात मीठ घालून त्यांनी खाली बसून माझा पाय धुतला. मला फार अवघडल्यासारखं झालं. स्वच्छ पट्टी लावली, मग कपाटातून जुनं सुती कापड काढलं. ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री ते बाहेर टाकतात, ती जाताजाता हात लावून जाते. डोकेदुखीला, बाळंतिणीला तेच. जितकं जुनं तितका गुण जास्त. घोट्याला दोन वेढे, गाठ बाहेरच्या बाजूला, बूट घासू नये म्हणून.

आजी रोज चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाणाऱ्या. आम्ही कोण, ते मैत्रिणीने चाचरत सांगितलं. "तिच्याकडेच निघालात ना?" म्हणाल्या आणि ब्रेड कापायला घेतला. पुढचा तोही मुकाट चहा प्यायला.

रॉबर्ट्सटाउन, कर्राचं माळरान, कसं गेलं आठवत नाही.

किल्डेअरच्या चौकात ज्योत. सोळाव्या शतकात विझवलेला ब्रिजिडचा अग्नी १९९३ मध्ये पुन्हा पेटवला तो कॅथलिक जोगिणींनीच. ब्रिजिडच्या विहिरीपाशी जपमाळ ओढणाऱ्या बायका आणि आमची मंडळी, चिंध्या बांधायला एकाच झाडाशी रेटारेटी. कोणाचं कोपर लागलं, मी चिडले, आणि पाण्यात हात घालताच रडू फुटलं.

२०२३ पासून या सणाला सरकारी सुट्टी असते, त्यामुळे सोमवार मिळाला. मंगळवारी कॉफीच्या मशीनपाशी मैत्रिणीने पाय कसा आहे विचारलं, आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आम्ही ब्रिजिडकडे चालत गेलो होतो."