केरन ते झांगर: सहा मेडलांच्या संचाचं काम कुठवर आलं

संच ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या (पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतल्या) जवानाचा: १९३९–४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, वॉर मेडल, जम्मू-काश्मीर क्लास्पसह (क्लास्प म्हणजे रिबनवरची धातूची पट्टी किंवा आकडा) जनरल सर्व्हिस मेडल १९४७ (जीएसएम) आणि भारतीय स्वातंत्र्य पदक.

नावांचं वाचन पूर्ण. गोऱ्या सैनिकांना इंग्लंडात ही महायुद्धाची मेडलं कोरीच मिळाली. हिंदी सैन्याची मात्र नाव घालून आली, म्हणून आपल्याकडचे संच उलगडता तरी येतात. स्टारवर नाव पाठीमागे, गोल मेडलांवर कडेला. दहापट भिंग घ्यावं आणि उजेड बाजूने, तिरपा पाडावा. समोरून टॉर्च मारला तर झिजलेली अक्षरं उमटतच नाहीत. महायुद्धाच्या चारही मेडलांवर नंबर एकच आहे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं, पण कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. भरवसा नंबरवर ठेवायचा. स्टारवर नाईक, जीएसएमवर हवालदार. मधल्या काळात बढती झाली, एवढं सरळ आहे.

आफ्रिका स्टार दिसला की अनेक जण थेट इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईला पोचतात. इरिट्रियाही त्यातच येतो, आणि ३/५ मार्च १९४१ मध्ये तिथल्याच केरनला लढली. रिबनवर ‘८’चा क्लास्प असेल तर शंका घ्या: तो ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ दरम्यान असलेल्यांचा. इथे तो नाही, ते योग्यच. पुढे इटली, याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मग हीच पलटण, पॅराशूट पलटण झालेली ३ मराठा म्हणून, मार्च १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत झांगरला. हा सगळा पलटणीचा प्रवास झाला. हा गडी त्या त्या दिवशी तिथेच होता की रजेवर, इस्पितळात, डेपोत, हे मेडल सांगत नाही. त्यासाठी डिस्चार्ज बुक पाहिजे. घरच्यांकडे नसेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर देऊन अर्ज.

सफाई जवळपास काहीच केलेली नाही. ब्रासोने स्टार चकाकतो, पण पाठीवरचं नाव पुसट होतं आणि किंमत तिथेच उतरते. हिरवा गंज फक्त बांबूच्या टूथपिकने खरवडला, डिस्टिल्ड वॉटरचा बोळा फिरवून लगेच कोरडं केलं.

रिबनमध्ये घोळ होता. १९३९–४५ आणि आफ्रिका या दोन्ही स्टारांची गडद निळी पट्टी पाहणाऱ्याच्या डावीकडे हवी. मेडलं अडकवायच्या जुन्या पट्टीवर (बारवर) दोन्ही उलट्या शिवलेल्या. इटलीची रिबन दोन्हीकडून सारखी, तिथे चूक करायलाही वाव नाही! क्रमही बदलला: आधी जीएसएम, मग स्वातंत्र्य पदक, त्यानंतर महायुद्धाची चार.

फ्रेमचं गणित: रिबन ३२ मिमी, गोल मेडल ३६, स्टारची रुंदी ३८. रिबन चिकटून लावल्या तर मेडलांच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि कडेवरचं नाव झिजतं. म्हणून ८ मिमी फट ठेवली: सहा गुणिले ३२ अधिक पाच गुणिले ८, म्हणजे २३२ मिमी. आम्लविरहित बोर्ड, सुती दोरा. फेव्हिकॉल आणि लोखंडी टाचण्या नकोत, डाग कायमचे राहतात. मागे लोकरी कापड किंवा रबरही नको, त्यातून गंधक सुटतं. काचेला मेडल टेकू नये म्हणून ६ मिमीची पट्टी अजून बसवायची आहे, आणि पावसाळ्याआधी सिलिका जेलची पुडी.