आकडा

"या वयात कुणाला दाखवायचाय गजरा?" आजी फणकारल्या.

मंडईबाहेर आजोबा २० चा गजरा १५ ला मागत गजरेवालीशी हुज्जत घालत होते. मागे आजींची पुटपुट चालूच. उगाच खर्च, संध्याकाळपर्यंत कोमेजणार, केस तरी कुठे उरलेत!

शेवटी आजोबांनी मुकाट्याने २० च दिले. आजींनी लगेच त्यांच्याकडे पाठ केली आणि पर्समधून आकडा काढून खांद्यावरून मागे धरला.

म्हणजे आकडा घरूनच आणलेला!

मी मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिले. आमच्याकडे "मला काही नको" म्हटलं की खरंच काही येत नाही. बारा वर्षं मी नवऱ्यालाच दोष देतेय. पण माझ्या पर्समध्ये तरी आकडा कुठाय?