पटावर 18, वर्गात 11

कोरोनात बंद पडलेल्या ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळा 1 डिसेंबर 2021 ला उघडल्या. तोवर आठवी-दहावीचे वर्ग उघडले, मिटले, पुन्हा उघडले. पाचवीपासून वरची लेकरंही 4 ऑक्टोबरपासून शाळेत येऊ लागली होती. आमचे बारके मात्र मार्च 2020 पासून घरीच. त्यातच आदल्या आठवड्यात ओमायक्रॉनचं नाव कानावर आलं आणि मुंबईने आपल्या शाळा 15 डिसेंबरवर ढकलल्या. आमचंही पुढे जाणार अशी कुजबुज शेवटच्या रात्रीपर्यंत शिक्षकांच्या ग्रुपवर चालू होती. पुढे गेलं नाही. एसटीचा संप होता, म्हणून स्कूटीवरच घाट चढून मी शाळेत पोचले.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. द्विशिक्षकी. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, एक हापसा. मुख्याध्यापक सरांकडे तिसरी-चौथी, माझ्याकडे पहिली-दुसरी. दुसरीच्या पटावर 18 नावं होती आणि त्यातलं एकही मूल पहिलीच्या वर्गात कधी बसलेलं नव्हतं. जून 2020 मध्ये मी घरोघर फिरून त्यांची नावं घातली, वर्षभर शाळा भरलीच नाही, एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवी सगळ्यांना परीक्षेविना वर घालण्याचा निर्णय झाला आणि ही लेकरं दुसरीत आली.

मधल्या काळात आम्ही हात बांधून बसलो नव्हतो, हे मला ठासून सांगायचंय. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही राज्याची घोषणा होती. तिच्यातलं शिक्षण सुरू ठेवण्यासाठी माझ्यासारख्या हजारोंनी गल्लीबोळ तुडवले. दीक्षा या अभ्यासाच्या ॲपवरच्या लिंक रोज यायच्या, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत साधा फोन, तोही बापाबरोबर रानात. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायची, तर तेवढ्यात लाइट जायची. शेवटी आम्ही ओट्यावर शाळा भरवली. चार घरांमागे एक ओटा, चार-पाच लेकरं, तोंडाला रुमाल. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायची, तेव्हा त्याच पिशवीत मी स्वाध्यायाचे कागद घालून द्यायचे. मध्येच कोविडची ड्युटी लागली की ओटे ओस पडायचे. 1 जुलै 2021 पासून 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. आदल्या इयत्तेची उजळणी करून घेण्याची ती योजना विचारपूर्वक आखलेली होती. पण उजळणी व्हायला आधी ओळख झालेली असावी लागते.

त्या सकाळी दारात थर्मल गन, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर मांडून ठेवलं. संमतीपत्रं गोळा केली. एका बाकावर एक मूल, मध्ये अंतर. दुसरीतली 11 मुलं आली. काहींनी नवे कपडे घातले होते, एकाच्या कपाळावर आजीने कुंकवाचा टिळा लावला होता. एक आजी दाराशीच थांबून राहिली.

"खिचडी हाये का मॅडम आज?"

"अजून नाही आजी. शिजवायची परवानगी नाही. तांदूळच मिळेल."

"मंग दुपारी न्यायला येते," म्हणाली. लेकराला सोडून गेली नाही, पार खिडकीखाली जाऊन बसली.

दिवसाची सुरुवात कुठल्याही पाठाने करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि येईल ते काढायला, लिहायला सांगितलं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने सगळ्यात आधी वरच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तारीख लिहिली. अक्षर सुबक. मग खाली एक ते वीस आकडे. कागद दोन्ही हातांनी धरून तिने माझ्यासमोर ताठ केला आणि तशीच उभी राहिली. मी वाचलं, छान म्हटलं, तरी हलेना.

"काय झालं गं?"

"फोटो काढा ना."

दीड वर्ष तिचा अभ्यास मामाच्या फोनवरून फोटो होऊन माझ्याकडे यायचा. कुणाचा कागद ते मला कळावं म्हणून आईने प्रत्येक पानावर नाव-तारीख टाकायची सवय लावली होती. तिच्या लेखी अभ्यास संपायचा तो फोटोवर. मी तिला जवळ घेतलं, तिच्याच कागदावरच्या 14 वर बोट ठेवलं आणि हा कितीचा आकडा म्हणून विचारलं. ती गप्प. मग एकापासून म्हणत म्हणत, एकेका आकड्यावर बोट ठेवत चौदापर्यंत आली आणि आनंदाने ओरडली, "चौदा!" पाठ होतं, लिहिता येत होतं, पण आकडा एकटा समोर आला की ओळखू येत नव्हता. हे फोटोत कधीच दिसलं नसतं. त्या आईने आपल्या परीने जिवाचं रान केलं होतं. तिच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. पण मूल कुठे अडतंय ते बघायला मूलच समोर लागतं.

मधल्या सुट्टीपर्यंत अकराही जणांना एकेक करून वाचायला बसवलं. दोघं छोटा उतारा वाचत होती. दोघांच्याही थोरल्या बहिणी सातवीत. चौघांना सुटी अक्षरं येत होती. बाकीच्यांना स्वतःच्या नावापलीकडे काही नाही. त्या वर्षी अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता, वरून तशी यादीच आली होती. त्या यादीतले पाठ गाळून माझ्या या पाच जणांना काय मिळणार होतं? त्यांचं अडलं होतं पहिल्याच पाठाच्या अलीकडे.

पटावरच्या उरलेल्या सातांचं काय, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू झाला होता. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत कोयते, दिवाळीच्या आगेमागे संसार ट्रकमध्ये भरून निघाले आणि मागे ठेवायला कुणी नसलेली लेकरं त्यांच्याबरोबर गेली. गावात ठेवून घ्यायचं तर हंगामी वसतिगृह हवं. आमच्याकडे ते त्या दिवसापर्यंत सुरू झालेलं नव्हतं. निघताना मी सगळ्यांना शिक्षण हमी कार्ड भरून दिलं होतं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसता येतं. पण ऑक्टोबरात तिकडच्या प्राथमिक शाळाही बंदच होत्या.

आज त्या उघडल्या होत्या. हे डोक्यात आलं आणि मी फोन हातात घेतला.

दुपारी एकाच्या वडिलांचा फोन लागला. कोल्हापूरकडचा उसाचा फड, मुक्काम तळावर, कोपीत म्हणजे झोपडीत. मागे कोयत्यांचे आवाज, ट्रॅक्टरची घरघर.

"दादा, शाळा उघडली. तुमच्या तळाजवळचीपण उघडली असेल. कार्ड आहे ना?"

"कार्ड ट्रंकेत हाये मॅडम. पण आमी पहाटं तीनला फडात येतो. लेकराला सोडायचं कोण? थोरली कोपीवर धाकट्याला सांभाळती."

"थोरली चौथीत आहे. तिलाही बसता येईल."

"मंग धाकटा कुणापाशी?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आणि कुठल्या परिपत्रकातही नव्हतं. मी फोन ठेवला नाही. गावाचं, कारखान्याचं नाव विचारून घेतलं, आमच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात तिथल्या शाळेतल्या शिक्षकांचा नंबर आला. बोलणं झालं. ते म्हणाले, "पाठवा, बसवून घेतो. तळावरची आणखी लेकरं आहेत, आमची एक ताई सकाळी जाऊन आणते. धाकटं अंगणवाडीत बसतं का बघतो. फक्त संमतीपत्र लागेल." फडातला माणूस संमतीपत्र आणणार कुठून? मी इथून मजकूर लिहून फोटो पाठवला, त्यांनी छापून घेतला आणि संध्याकाळी तळावर जाऊन वडिलांची सही आणली. त्या शिक्षकांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण माझ्या नोकरीत मला भेटलेल्या भल्या माणसांत त्यांचं नाव फार वर आहे.

सातांपैकी तिघं अशी तिकडच्या शाळांत बसली. दोघं कर्नाटकात होती, तिथे भोवती कन्नड शाळा. उरलेल्या दोघांच्या तळापासून शाळा इतकी लांब की पाठवणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासाठी मुकादमाच्या फोनवर रविवारी संध्याकाळची वेळ ठरवली. रविवारी फोन लागेलच असं नव्हतं, पण लागला की मी वाचून घ्यायचे.

शाळा सुटल्यावर सर आणि मी व्हरांड्यात बसलो. पहिली आणि दुसरी वेगळी ठेवण्यात अर्थ नाही, असं मी म्हटलं. सरांनी तिसरीचीही सहा नावं पुढे केली, तीच अवस्था. मग इयत्ता बाजूला ठेवून आम्ही तीन गट केले: अक्षर न येणारे, अक्षर येऊन शब्द न येणारे आणि वाचणारे. वाचणाऱ्यांत चौथीची मुलं मिसळली. हजेरीपटावर इयत्ता तशाच राहिल्या, बसणं बदललं. केंद्रप्रमुखांना सांगितलं, त्यांनी अडवलं नाही.

जानेवारीत तिसऱ्या लाटेने शाळा पुन्हा मिटल्या, 24 तारखेपासून पुन्हा उघडल्या. त्या बंदीत गट मोडले नाहीत. ओट्यावर तेच गट बसवले, त्यामुळे परतल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही. मार्चमध्ये खिचडी पुन्हा शिजू लागली आणि उपस्थिती लगेच सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एप्रिलमध्ये शाळा पूर्णवेळ चालवण्याचा आदेश आला. कोल्हापूरकडची कुटुंबं तेव्हा परतली होती आणि तिकडे बसलेली दोन भावंडं सरळ वाचणाऱ्यांच्या गटात आली, दोघंही शब्द वाचत होती. मराठवाड्यातल्या कारखान्यांवर गेलेल्यांचं उलट झालं. त्या वर्षी ऊस इतका होता की तिथली धुराडी मेमध्येही चालू होती, आणि ती लेकरं परतली तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली होती. सुट्टीत सकाळचे दोन तास मी त्यांना शाळेतच बसवलं. चौदा ओळखणारी मुलगी त्यांना अंक दाखवायला रोज यायची.