सेंट्रल लॉक घरीच दुरुस्त केलं

जुलै २०२४ मधला रविवार. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी गाडी लावली. पाऊस धो धो कोसळत होता आणि मागच्या डाव्या दारातून आईला उतरता येईना. तिनं आतलं हँडल ओढलं, मग खटका वर करून पाहिला. खटका जागचा हलेना. "अगं, उघडत नाहीये गं हे," असं ती दोनदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज बदललेला होता. मी रिमोट दाबला, बाहेरून ओढून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. गुडघ्यांमुळे तिला सीटवरून पलीकडे सरकता येत नाही. शेवटी उजव्या दारानं मी आत शिरले, सीटवर गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी खटका उपसला, तेव्हा कुठे दार सुटलं.

आई काही बोलली नाही. परत येताना मात्र ती पुढे बसली, आणि घरी पोचेपर्यंत तिचा हात दाराच्या हँडलवरच होता. त्या हाताकडे बघूनच मी ठरवलं, की आता हे आजचं उद्यावर ढकलायचं नाही.

कुरकुर तशी जूनपासून चालूच होती. गाडी २०१२ ची, सेकंडहँड घेतलेली हॅचबॅक. बेस मॉडेल असल्यामुळे तिला कंपनीचं सेंट्रल लॉक नाही, आधीच्या मालकानं बाहेरून किट बसवून घेतलेलं. रिमोट दाबला की चारही दारं खट् करून बंद व्हायची, आणि पाठ वळवेपर्यंत पुन्हा खट् करून उघडायची. रोज नाही, अधूनमधून. कधी रस्त्यात खड्डा लागला तरी चालत्या गाडीत सगळी लॉक उघडायची. दोन वेळा सकाळी अंगणात जाऊन पाहिलं तर गाडी रात्रभर उघडीच राहिलेली. मागच्या सीटवर लहान मूल किंवा म्हातारं माणूस बसत असेल, तर चालत्या गाडीत लॉक उघडणं ही किरकोळ गोष्ट नाही.

गॅरेजमध्ये दाखवलं तर उत्तर मिळालं, "ताई, अख्खं किटच बदलून टाकू. साडेतीन हजारात होईल."

"पण बिघाड नेमका कुठे आहे?"

"ते शोधत बसण्यापेक्षा नवीन परवडतं."

त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. शोधण्यात दोन तास गेले तर त्या दोन तासांचे पैसे कोणी देत नाही. पण माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना. बिघाड वायरच्या वाटेत असेल आणि नवीन किटच्या वायरी त्याच वाटेनं नेल्या, तर दोन पावसाळ्यांनी पुन्हा हेच होणार. आधी कारण सापडायला हवं, सामान नंतर आणू.

बाहेरून बसवलेल्या या लॉकची रचना खरं म्हणजे सोपी आहे. प्रत्येक दारात एक लांबट मोटर असते, बाजारात तिला 'गन' म्हणतात. तिची सळी दाराच्या लॉकच्या सळीला एका छोट्या क्लॅम्पनं जोडलेली असते. मोटरला एका दिशेनं बारा व्होल्ट दिले की सळी पुढे जाते, उलट दिशेनं दिले की मागे येते. सळीचा सगळा प्रवास जेमतेम दोन सेंटिमीटरचा. बाकी तीन दारांच्या गनला निळी आणि हिरवी अशा दोनच वायरी. ड्रायव्हरच्या दाराची गन मात्र पाच वायरींची, कारण तिच्या पोटात एक स्विचही असतो. काळी वायर अर्थची, पांढरी आणि तपकिरी स्विचच्या. ड्रायव्हरचं लॉक हातानं दाबलं की पांढरी काळीला जोडली जाते आणि सगळी लॉक चालवणारी जी डबी डॅशबोर्डखाली असते तिला 'बंद कर' असा हुकूम मिळतो. लॉक उघडलं की तपकिरी काळीला जोडली जाते, म्हणजे 'उघड'. (माझ्या किटमध्ये रंग असे होते. तुमच्या किटचा कागद एकदा बघूनच घ्या.)

हे कळल्यावर कोडं अर्धं सुटलं. दारं बंद होऊन लगेच उघडतात याचा अर्थ डबीला कुठून तरी 'उघड' हा हुकूम जातोय. तो हुकूम कोण देतंय, तेवढंच शोधायचं.

पहिला धागा मिळाला तो हत्यारं न उघडताच. मुलाला रिमोट दिला आणि मी ड्रायव्हरचं दार वेगवेगळं धरून उभी राहिले. दार सताड उघडं ठेवून दहा वेळा रिमोट दाबला, दहाही वेळा लॉक नीट बसलं. दार लोटून घेतलं, तर दहातल्या सहा वेळा लॉक उलटलं. म्हणजे गन ठीक, रिमोट ठीक. दार आणि ते ज्याला बिजागरीनं जोडलेलं असतं तो गाडीचा खांब, यांच्यामध्ये ज्या वायरी रोज वाकतात, खोट तिथे होती. फ्यूज तपासायची गरजच नव्हती, कारण फ्यूज गेला असता तर चारही दारं गप्प राहिली असती.

पुढच्या शनिवारी पावसानं उघडीप दिली. आधी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. मग ड्रायव्हरच्या दाराचं पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण. हँडलच्या वाटीतला एक स्क्रू, हात टेकतो तिथे खाली दोन, आणि काच वरखाली करायचं हँडल. या हँडलला स्क्रू नसतो, मागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते. ती काढायची जुनी युक्ती अजून चालते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुन्या सुती कापडाची पट्टी घालायची आणि बुटाला पॉलिश करतो तशी दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढायची. धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप टिंग करून बाहेर उडते. ती कुठे उडाली यावर लक्ष ठेवायला दुसरं माणूस असलेलं बरं. मग पॅडच्या कडेनं बोटं घालून प्लॅस्टिकची बटणं एकेक सोडवली आणि पॅड वर उचलून काढलं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की पॅडचा पुठ्ठाच फाटतो. बोटं किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी.

आत पाहिलं आणि वाईट वाटलं. दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो किट बसवताना मधोमध फाडून तसाच सोडलेला. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जाणं हे नेहमीचंच आहे, ते खालच्या भोकांतून वाहून जातं. पण ते पॅडकडे आणि गाडीत येऊ नये म्हणून तो कागद असतो. पावसाळ्यात गाडीत येणाऱ्या कुबट वासाचा मी तीन वर्षं सीट कव्हरांवर आळ घेत होते, त्याचं मूळ इथे होतं.

आता वायरी. गनचा कनेक्टर सोडला, पेडलच्या वरच्या बाजूला बांधलेली डबी शोधून तिचाही कनेक्टर सोडला. दोन्ही टोकं मोकळी झाली की तपकिरी आणि काळी यांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन वायरी एकमेकींना जोडल्या गेल्या की तो वाजतो, आणि डबीकडच्या टोकाला दोन्ही वायरींना टोचण्या लावल्या. शांत. मुलानं बाहेरून दार हळूहळू लोटायला सुरुवात केली. शांत, शांत, आणि दार बंद व्हायला वीतभर अंतर असताना मीटर वाजला. दार उघडलं, थांबला. लोटलं, वाजला. महिनाभर छळणारी गोष्ट अशी कानाला ऐकू आली, तेव्हा मला फार आनंद झाला.

खांबाजवळचं वेष्टन सोललं आणि कारणही दिसलं. किट बसवणाऱ्यानं खांबाच्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडून पाचही वायरी त्यातून ओढल्या होत्या. भोकाच्या कडेवर वायर घासू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, नव्हताच, वर नुसती टेप गुंडाळलेली. दार जितक्या वेळा उघडलं तितक्या वेळा त्या धारदार कडेवर वायरी घासल्या गेल्या होत्या. तपकिरी आणि काळीचं वेष्टन नखाएवढ्या जागेत पूर्ण गेलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. निळीच्या तर तीनच तारा शाबूत होत्या. भोकाच्या कडेला गंजाची फुगी धरली होती. कोकणातल्या हवेत उघडा राहिलेला पत्रा आणखी काय करणार.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण मीही आधी चुकीचंच करणार होते. तुटलेल्या जागीच वायर पिळून, डाग देऊन टेप मारावी असं वाटतं. पण डाग दिलेली वायर तिथे ताठ होते आणि वाकत्या जागी त्या डागाच्या कडेलाच पुन्हा मोडते. म्हणून वाकणारा तुकडाच मी पूर्ण बदलला. बारीक तारांची, मऊ वायर आणली आणि एक जोड दाराच्या आत, दुसरा डॅशबोर्डखाली, असे दोन्ही जोड न हलणाऱ्या जागी घेतले. प्रत्येक जोडावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. ही नळी जोड देण्याआधीच वायरीत ओवून ठेवावी लागते. हिरवीच्या वेळी मी विसरले आणि दिलेला डाग पुन्हा सोडवावा लागला. दार सताड उघडल्यावरही वायर ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवली. भोकाची कड पॉलिश पेपरनं घासली, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर रबरी ग्रोमेट बसवला. ग्रोमेट मिळाला पंधरा रुपयांना. सुरुवातीलाच तो बसवला असता तर यातलं काहीच घडलं नसतं.

आईचं दार राहिलं होतं. तिथे वायरी ठणठणीत होत्या. गनची सळी क्लॅम्पमधून सोडवल्याबरोबर खटका एका बोटानं वरखाली होऊ लागला, म्हणजे लॉक चांगलं आणि गनच अडकलेली. सोडवलेली गन बॅटरीला थेट लावली तर नुसती घुमली, सळी हलली नाही. खोलून पाहिली. आत पाणी शिरून गंज धरलेला आणि प्लॅस्टिकच्या गिअरचे दोन दाते मोडलेले. पाणी का शिरलं तेही दिसलं, दाराच्या तळाची भोकं माती आणि कुजलेल्या पानांनी बुजलेली होती. खराट्याचा हीर घालून ती मोकळी केली तर अर्धा तांब्या गढूळ पाणी माझ्या पायावर आलं. तुमच्याकडे दुरुस्ती करायची नसली तरी एवढं आज जाऊन करा, पाच मिनिटांचं काम आहे.

दोन वायरींची नवी गन तीनशे वीस रुपयांना मिळाली. ती बसवताना कस लागतो तो सळीच्या रेषेचा. गनची सळी आणि लॉकची सळी एका सरळ रेषेत यायला हव्यात. तिरकी बसली तर मोटरची ताकद वाकण्यातच जाते आणि खटका पुन्हा जड होतो. जुनी भोकं तिरकीच होती, म्हणून मी दीड सेंटिमीटर बाजूला नवी घेतली. स्क्रू आवळण्याआधी खटका हातानं पंचवीसएक वेळा वरखाली केला, कुठे अडतंय का ते बोटाला कळेपर्यंत. जोडल्यावर बॅटरी तात्पुरती लावून पहिल्यांदा रिमोट दाबला तर बाकी दारं बंद झाली आणि हे उघडलं. निळी-हिरवीची अदलाबदल केली की झालं.

दोन्ही दारांना नवा जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, पॅडची मोडलेली सात बटणं बदलली आणि संध्याकाळी उशिरा बॅटरी जोडली. सगळा खर्च सातशेच्या आत. कंपनीचं सेंट्रल लॉक असलेल्या गाड्यांत मोटर बहुधा लॉकच्याच डब्यात असते आणि काम यापेक्षा किचकट होतं. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तर मात्र पॅडला घरी हात लावू नका.

रविवारी आईला म्हटलं, "चल, बसून बघ." ती मागे डावीकडेच बसली. मी रिमोटनं लॉक केलं आणि काचेबाहेर उभी राहिले. तिनं एका बोटानं खटका वर केला, दार उघडलं, परत लावून घेतलं, परत उघडलं. असं चार वेळा करून मग म्हणाली, "हां. आता जाऊ या."

मागच्या उजव्या दाराच्या गनचा आवाज मला थोडा दबलेला वाटतोय. तिच्यासाठीची नवी गन आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे, गणपती झाले की ते पॅड काढणार.